लाईन कुणाची आणि पाटकरी कोण?

पत्र असं आहे:

"ताई, नमस्कार. मी भुदरगड तालुक्यात, गारगोटीहून आत वेदगंगेच्या खोऱ्यातल्या एका वाडीवर राहते. पुण्याच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी आहे. सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं म्हणून मार्चपासून इथून काम करतेय आणि आता इथंच राहावं असं वाटतंय. मिस्टर दूध संस्थेत सचिव आहेत, थोडी शेती आहे. घरात फोनला रेंजची एकच काडी येते. मीटिंग असली की गाडी काढून वरच्या माळावर जाते आणि आंब्याखाली बसते. पावसात डोक्यावर छत्री आणि मांडीवर लॅपटॉप. सासूबाई रोज म्हणतात, 'पोरी, त्या माळावर एकटी नगं जाऊस.' आमची ग्रामपंचायत सव्वादोन किलोमीटरवर, मुख्य गावात. तिथंवर केबलवाल्याचं फायबर आलंय. त्याला विचारलं तर म्हणाला, 'वैनी, एका घरासाठी एवढी वायर वडायची म्हंजे परवडत न्हाई. पंचेचाळीस हजार भरा, बघू.' मिस्टर म्हणतात रेंज वाढवायचा बूस्टर मागवू. दीर म्हणतो उपग्रहावरून इंटरनेट देणारी छत्री येणार आहे, तोवर थांब. कंपनीनं दिवाळीपर्यंत मुदत दिलीय. तोवर कॉल तुटायचे थांबले नाहीत तर पुण्याला ऑफिसात यावं लागेल. पैसे भरू का सामान बांधू? मी वयानं लहान आहे, अहो-जाहो करू नका."

सामान बांधू नकोस. आणि पंचेचाळीस हजारही भरू नकोस, निदान एकटीनं तरी नाही.

तुझ्या वाडीच्या खाली वेदगंगा वाहते. ते पाणी वरच्या रानात कसं चढवलं, हे एकदा घरातल्या जुन्या माणसांना विचार. आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात नदीकाठच्या गावांनी त्यासाठी पाणीपुरवठा संस्था काढल्या. नदीला जॅकवेल, म्हणजे पाणी उपसायची विहीर, तिथून चढावर एकच मोठी लाईन, वाटेत चेंबर आणि चेंबरपासून ज्याच्या त्याच्या रानात छोटी पाइप. कुणी एकट्यानं नदीपासून आपल्या बांधापर्यंत लाईन टाकायचं ठरवलं असतं, तर त्यालाही कुणीतरी हेच सांगितलं असतं की परवडत नाही.

फायबरची रचना जवळजवळ तीच आहे. केबलवाल्याच्या खोलीत मुख्य गावात एक यंत्र असतं, त्याला ओएलटी म्हणतात. ते झालं जॅकवेल. त्याच्या एका तोंडातून केसाएवढी काचेची एक तार निघते. ती तार स्प्लिटर नावाच्या छोट्या डबीतून फोडून ३२ किंवा ६४ घरांना देता येते आणि ती २० किलोमीटरपर्यंत चालते. तुझे सव्वादोन किलोमीटर तिच्या दृष्टीनं काहीच नाहीत. म्हणजे मुख्य गावापासून वाडीपर्यंत एक केबल आली, की वाडीच्या तोंडाशी ८ घरांचा स्प्लिटर बसवून आठ घरांना जोडण्या देता येतात. नववं घर आलं तर १६ चा बसवायचा. सव्वादोन किलोमीटरची केबल मात्र तेवढीच राहते.

तेव्हा त्या भल्या माणसानं तुला सांगितलेली रक्कम तुझ्या जोडणीची नाही, ती वाटेची आहे. केबल, खांब, माणसांची मजुरी, जोडाचं काम, सगळी वाट त्यानं तुझ्या एका घरावर टाकली, कारण विचारायला तू एकटीच गेलीस. नऊ घरं झाली तर तीच रक्कम घरटी पाच हजारांवर येते. आणि नऊ घरांचं महिन्याचं भाडं दिसलं, तर कदाचित तोच म्हणेल की वाटेचा निम्मा खर्च मी घालतो. त्याच्यावर मी रागवत नाही. एका घराच्या भाड्यावर दोन किलोमीटर वायरीची राखण करणं त्याला खरंच परवडत नाही, आणि जो हसत हसत 'होय, लगेच देतो' म्हणतो त्याची मला जास्त भीती वाटते.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. माझं माहेर राधानगरी तालुक्यात, असंच आडवाटेला. भावानं चार वर्षांपूर्वी हौसेनं एकट्याच्या घरासाठी लाईन ओढून घेतली. बाभळीला, बांबूला, कुठं गोठ्याच्या वाशाला बांधत बांधत केबल घरात आली. मे महिन्यात सगळे खूश होते. जुलैत ती चार वेळा तुटली. एकदा फांदी पडली, एकदा वानरांनी ओढली, एकदा पाणंदीतून जाणाऱ्या ट्रॉलीत अडकली आणि चौथ्यांदा कशानं ते कळलंच नाही. फोन केला की 'उद्या माणूस येतोय.' अकराव्या दिवशी माणूस आला. भाची बारावीला होती आणि ते अकरा दिवस तिनं एसटी स्टँडवर उभं राहून अभ्यासाचे व्हिडिओ उतरवून घेतले. तिची ती ओढाताण आठवली की मला अजून वाईट वाटतं. आपण वेगाचे पैसे भरले होते, पण दुरुस्तीला माणूस कोण हे विचारलंच नव्हतं.

पुढच्या वर्षी भावानं शेजारची पाच घरं गोळा केली. वाडीतला एक पोरगा आयटीआय होऊन घरी बसला होता. त्याला ऑपरेटरकडं महिनाभर पाठवून काचेच्या तारेचा जोड मारायला शिकवलं. आता तार तुटली की तोच जातो. जोडाचे पैसे ऑपरेटर त्याला देतो. पाणी संस्थेला पाटकरी असतो ना, कुणाची पाळी कधी, चेंबर कुठं गळतंय, हे ज्याला झोपेतही माहीत असतं? तो त्या लाईनीचा पाटकरी झाला. तू पहिला प्रश्न 'किती एमबीपीएस?', म्हणजे वेग किती, असा विचारू नकोस. तुटल्यावर कोण येणार आणि तो कुठं राहतो, हे आधी विचार.

वेगाचं थोडक्यात सांगते, कारण त्याचीच जाहिरात जास्त असते. सरकारी व्याख्येप्रमाणं ब्रॉडबँड म्हणजे कमीत कमी २ एमबीपीएस. २०२३च्या जानेवारीपर्यंत तर ही मर्यादा ५१२ केबीपीएस, म्हणजे साधारण अर्धा एमबीपीएस होती. चांगल्या व्हिडिओ कॉलला येताना आणि जाताना, दोन्ही बाजूंना साधारण ३ ते ४ एमबीपीएस पुरतात. म्हणजे तुझ्या कामाला ३०० ची योजना लागत नाही, ५० ची सुद्धा भरपूर झाली. तुझा कॉल तुटतो तो बहुधा जाणाऱ्या बाजूला, म्हणजे अपलोडला. मोबाइलवर अपलोड नेहमीच अशक्त असतो, कारण टॉवर मोठ्यानं बोलतो आणि आपला फोन हळू. फायबरवर दोन्ही बाजू बऱ्याचदा सारख्या मिळतात. ऑपरेटरला हे आवर्जून विचार.

दिवाळीच्या आधी फायबर येईल का? पावसाळ्यात तुमच्या भागात खांब रोवणं आणि केबल ओढणं कठीण आहे, हे तुला मी सांगायला नको. काम खरं सुरू होईल ते पाऊस ओसरल्यावर. त्यामुळं आत्ताची सोय वेगळी आणि कायमची वेगळी, असं धरून चल. दोन्ही कामं मात्र याच आठवड्यात सुरू कर.

आधी आत्ताचं. मिस्टरांना सांग, बूस्टर मागवू नका. मोबाइल कंपनीशिवाय दुसऱ्या कुणी परवान्याविना सिग्नल बूस्टर बसवणं बेकायदा आहे, आणि तो उलट टॉवरला त्रास देऊन अख्ख्या वाडीची रेंज घालवू शकतो. तेवढ्याच पैशात बाहेर बसणारा फोर-जी राउटर येतो. त्यातच सिम बसतं, तो पावसापाण्यात टिकेल असा असतो आणि छपरावर जीआय पाइपला बांधता येतो. त्याच्यातून खाली घरात नेटवर्कची साधी केबल आणायची. तीच केबल त्याला वीजही पोचवते आणि १०० मीटरपर्यंत बिनधास्त चालते. फक्त अँटेना वर आणि राउटर खाली, असा प्रकार घेऊ नकोस. अँटेनाच्या लांब वायरीतच अर्धा सिग्नल मरतो.

पण विकत घेण्याआधी एक दुपार मोजणीत घालव. 'तरंग संचार' या सरकारी संकेतस्थळावर आपल्या ठिकाणाभोवतीचे टॉवर आणि ते कुठल्या कंपनीचे हे दिसतं. मग तीन कंपन्यांची सिमं गोळा कर. शेजारपाजारी मिळतील. फोनच्या सेटिंगमध्ये सिमची स्थिती उघडली की सिग्नलचा आकडा डीबीएममध्ये दिसतो. तो उणे असतो आणि उणेपुढचा आकडा जितका लहान तितकं चांगलं. उणे ८५ म्हणजे छान, उणे ११० म्हणजे रडतखडत. अंगणात, माडीवर, गोठ्याच्या पत्र्यावर, घराच्या चारी कोपऱ्यांवर आकडा बघ आणि कागदावर लिही. आकड्याबरोबर वेगही मोज, सकाळी एकदा, रात्री नऊला एकदा. रात्री सगळी वाडी मोबाइलवर असते, त्या वेळी टिकतं तेच खरं. जांभ्याच्या किंवा मातीच्या जाड भिंतीआड जिथं उणे ११२ आहे, तिथंच छपराच्या योग्य टोकाला उणे ९५ मिळालं तर तुझं अर्धं काम झालं.

आणि घरावर कुठंच मिळालं नाही तर? माळावर मिळतं, हे तू पत्रात लिहिलंसच. तिथून समोरचा टॉवर थेट दिसत असणार. माळावर तुमचं किंवा भाऊबंदांचं रान असेल आणि तिथं मोटरीची खोली असेल, तर तो राउटर तिथं बसव आणि माळ ते घर अशी ५ गिगाहर्ट्झची रेडिओची जोडी लाव. दोन छोट्या थाळ्या एकमेकींकडं तोंड करून. लहरींच्या या पट्ट्यातली ठरावीक शक्तीपर्यंतची साधनं वापरायला २०१८ पासून वेगळा परवाना लागत नाही. अट एकच, एका थाळीवरून दुसरी दिसली पाहिजे. आणि नुसती दिसून भागत नाही, मधल्या जागेत त्या सरळ रेषेभोवती मोकळं अवकाश लागतं. दोन किलोमीटरला मधोमध साधारण ५ मीटर, कमी अंतराला त्याहून कमी. जूनमध्ये मोकळं दिसणारं शिवार डिसेंबरात दहा-बारा फूट उसानं भरतं, हे ध्यानात ठेवून पाइप उंच घे. शेतीपंपाची लाईट पाळीनं येते, म्हणून तिथं छोटं सोलर पॅनेल आणि बॅटरी लागेल. गारगोटीत सीसीटीव्ही बसवणारी जी पोरं आहेत, त्यांना हे काम येतं. मोठ्या पोल्ट्रीला आणि रोपवाटिकांना ती अशाच थाळ्या लावून देतात. एक लक्षात ठेव, स्वतःच्या घरापुरतं हे चालतं. पण त्यातून शेजाऱ्यांना पैसे घेऊन नेट विकायचं झालं तर परवाना लागतो. ते काम ऑपरेटरचं.

मुख्य गावात फाइव्ह-जी आलं असेल तर कंपन्यांची बिनवायरी घरगुती जोडणीही विचारून बघ. छपरावर डबी बसवतात आणि घरात वायफाय देतात. फाइव्ह-जीचा खूप वेगवान पट्टा लांब जात नाही आणि टेकाडाआड तर जातच नाही. ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा लांब जातो, पण त्याला वेग कमी. माणूस घरी येऊन वेग मोजून दाखवील, मगच पैसे. अशा योजनांत महिन्याला सहसा १,००० जीबीपर्यंत पूर्ण वेग असतो, तो तुम्हाला संपणार नाही. साध्या मोबाइल रिचार्जवर मात्र रोजचे दीड-दोन जीबी व्हिडिओ चालू ठेवलेल्या एक-दोन तासांच्या मीटिंगमध्ये संपतात. तोवर मीटिंगमध्ये व्हिडिओ बंद ठेव, आणि मॅनेजरला आजच सांग की मी नुसत्या आवाजावर बोलेन, स्क्रीन दाखवायची असेल तेव्हाच दाखवीन. कॉल तुटून माफी मागण्यापेक्षा हे आधी सांगितलेलं चांगलं.

दिराचं उपग्रहाचं म्हणणं खोटं नाही. जुने उपग्रह ३५,७८६ किलोमीटर उंचीवर, त्यामुळं त्यांच्यावरून बोललेला शब्द पाव सेकंद उशिरा पोचायचा आणि उत्तर यायला अर्धा सेकंद जायचा. नवे ५५० किलोमीटरच्या आसपास फिरतात, म्हणून त्यांच्यावर कॉल नीट होतो. असं इंटरनेट देणाऱ्या स्टारलिंक कंपनीला आपल्याकडं २०२५च्या जूनमध्ये परवाना मिळाला. ज्या वस्तीवर खांबही रोवता येत नाही तिथं ती सोय मोलाची ठरेल. तुझ्यापासून मात्र फायबर सव्वादोन किलोमीटरवर आहे, तू आभाळाकडं बघत कशाला बसतेस? आणि 'आत्ता बुकिंगचे पैसे भरा, छत्री घरपोच' म्हणत कुणी वाडीत आला तर एक रुपया देऊ नका. 'तुमच्या रानात टॉवर उभा करतो, आधी फी भरा' म्हणणाऱ्यांनी आपल्या भागातल्या कितीतरी शेतकऱ्यांना बुडवलंय. टॉवरसाठी ट्राय, म्हणजे दूरसंचार नियामक संस्था, कुणाकडून फी घेत नाही आणि ना हरकत पत्रही देत नाही.

आता कायमचं. ग्रामपंचायतीत जा आणि ग्रामसेवकांना विचार, भारतनेटची केबल कुठवर आली आहे आणि तिची पेटी चालू आहे का. ही योजना २०११ मध्ये मंजूर झाली. तेव्हा तिचं नाव वेगळं होतं, भारतनेट हे नाव २०१५ पासूनचं. देशातल्या सुमारे अडीच लाख ग्रामपंचायती फायबरनं जोडायच्या हा हेतू. अनेक गावांत केबल पंचायतीच्या दारापर्यंत आली आणि तिथंच थांबली, कारण पंचायतीपासून घरापर्यंत न्यायचं काम कुणाचं हे नीट ठरलेलं नव्हतं. २०२३च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारनं सुधारित योजनेला १,३९,५७९ कोटी रुपये मंजूर केले, आणि तिच्यात तुझ्या कामाच्या दोन गोष्टी आहेत. एक म्हणजे घरोघरी जोडणी देणारा आणि तिची देखभाल करणारा स्थानिक उद्यमी, त्याला कमाईत वाटा. म्हणजे पाटकरीच. दुसरी गोष्ट, ग्रामपंचायतीचं गाव सोडून ज्या वाड्यावस्त्या आहेत त्यांना मागणीप्रमाणं जोडणी. हा 'मागणीप्रमाणं' शब्द घट्ट धरून ठेव. मागितलंच नाही तर वाडीचं नाव कुठल्याच कागदावर येत नाही.

मागायचं कुठं? १५ ऑगस्टची ग्रामसभा तोंडावर आहे. त्याआधी महिलांची सभा घ्यायची असते, तो नियमच आहे, पण किती ठिकाणी ती कागदावरच उरकतात. या वेळी ती खरोखर भरवायला लाव. घराघरातून मागणी उठवायची तर बायकांइतकं नेमकं कुणालाच सांगता येत नाही. पोरांच्या शाळेचे ऑनलाइन फॉर्म, रेशनच्या दुकानात अंगठा लागेना म्हणून दोन-दोन हेलपाटे, म्हाताऱ्या माणसाला दवाखान्याचा नंबर लावायला गारगोटीपर्यंत जाणं, हे सगळं त्याच निस्तरतात. महिला सभेत ठराव झाला की तो ग्रामसभेपुढं जातो. ठरावात नुसतं 'इंटरनेट मिळावे' लिहू नका. वाडीचं नाव, मुख्य गावापासूनचं अंतर, घरांची संख्या आणि जोडणी घ्यायला तयार असलेल्या कुटुंबांच्या सह्या, एवढं असू द्या. केबल पाणंदीच्या कडेनं न्यायला पंचायतीची हरकत नाही, हेही त्याच ठरावात घाला. वाटेचा प्रश्न नंतर निघाला की सहा महिने जातात.

त्या ठरावाची प्रत घेऊन तीन दारं ठोठाव. भारतनेटसाठी पंचायत समितीचं कार्यालय, बीएसएनएलचं जवळचं कार्यालय, आणि तुझा तो केबलवाला. बीएसएनएल खेड्यात बऱ्याच ठिकाणी स्थानिक केबलवाल्यांना भागीदार करून फायबर देते, तेव्हा शेवटी तिन्ही दारांआड एकच माणूस बसलेला असायचीही शक्यता आहे. असू दे. फायबर न्यायला जमत नसेल तिथं बीएसएनएलची थाळ्यांवरची बिनवायरी जोडणीही आहे, एअर फायबर नावाची, ती विचार. पण तुझ्या जागी मी असते तर केबलवाल्याशीच जुळवून घेतलं असतं. तो सव्वादोन किलोमीटरवर राहतो, त्याची पोरं तुमच्याच शाळेत जातात, सणाला समोरासमोर भेटतो. गावात हाच सगळ्यात पक्का करार.

तरी कागद कर. साधा, दोन पानांचा. मिस्टर संस्थेचे सचिव आहेत, त्यांना अशा कागदांची सवय असणार. दूध संस्थेचं संकलन केंद्र वाडीत असेल तर संस्थेलाच पहिलं गिऱ्हाईक कर. संस्थेचं नाव आलं की शेजारी लगेच मागं येतात. कागदात लिहा की वाडीपर्यंतची केबल कमीत कमी ४ तारांची असेल. २ तारांची घेतली तर वाचलेले पैसे पहिल्या बिघाडातच जातील, ४ असल्या की एक बिघडली तर दुसरीवर टाकता येतं. तुटल्यावर किती तासांत दुरुस्ती, जोड मारायचं यंत्र कुणाकडं आहे, वाडीतल्या कुणाला शिकवणार, तेही लिहा. वर्गणी काढून वाट केली तर पुढं येणाऱ्या दहाव्या घरानं काय द्यायचं हे आधीच ठरवा, नाहीतर भावकीत वाद होणार. पाणी संस्थेत नव्या सभासदाचं जसं ठरतं, तसंच ठेवा.

केबल जमिनीखालून की खांबावरून, यावर लोक तासन्‌तास भांडतात. तुमच्या भागात मी खांबावरून म्हणेन. पुरलेली केबल सुरेख, पण ती जेसीबीनं तुटते, नांगराच्या फाळानं तुटते आणि नेमकी कुठं तुटली ते शोधायला वेगळं यंत्र मागवावं लागतं. खोदणाऱ्यानं आधी कळवावं म्हणून केंद्र सरकारनं २०२३ मध्ये 'कॉल बिफोर यू डिग' नावाचं ॲप काढलं. पाणंदीतल्या जेसीबीवाल्याला ते कितपत माहीत असेल, तूच सांग. खांबावरची तुटली तर डोळ्यांना दिसते, तासाभरात जोडता येते. मात्र झाडाला बांधू देऊ नकोस, महावितरणच्या खांबांना परवानगीशिवाय हात लावू देऊ नकोस, आणि पाणंदीवर जिथं केबल आडवी जाते तिथं भरल्या ट्रॉलीच्याही वरून जाईल एवढी उंची ठेवायला सांग. प्रत्येक दोन-तीनशे मीटरवर दहा-पंधरा मीटर केबलचं वेटोळं जादा ठेवलं की तुटल्यावर ओढून जोडता येते.

जोडणी मिळेल त्या दिवशी एक काम विसरू नकोस. माणूस घरात डबी बसवील, तिला ओएनटी म्हणतात. त्याच्याकडं प्रकाश मोजायचं छोटं मीटर असतं. घरातल्या तारेला किती प्रकाश पोचतोय तो आकडा त्याला विचार आणि डबीशेजारी भिंतीवर पेन्सिलीनं लिहून ठेव, तारखेसकट. हा आकडाही डीबीएममध्येच, उणे १८ ते उणे २४ च्या मध्ये असेल तर उत्तम. उणे २७ च्या आसपास असेल तर त्याला चहा पाज, पण जोड पुन्हा मारल्याशिवाय जाऊ देऊ नकोस. आज उन्हात कसंबसं चालतंय ते पहिल्या पावसात बंद पडणार. पुढं कधी नेट मंदावलं आणि त्यानं सांगितलं की 'तुमचा लॅपटॉपच स्लो आहे,' तर पुन्हा मोजायला लाव आणि भिंतीकडं बोट दाखव. डबीवर एलओएस लिहिलेला लाल दिवा लुकलुकायला लागला तर प्रकाश पोचतच नाही. अशा वेळी राउटर बंद-चालू करत बसू नकोस, थेट फोन कर. तक्रारीचा नंबर मागून घे आणि लिहून ठेव. कंपनीनं दाद दिली नाही तर तिच्याच अपील अधिकाऱ्याकडं आणि त्यानंतर केंद्र सरकारच्या तक्रार पोर्टलवर जाता येतं, पण हातात तो नंबर असेल तरच.

घरातलं थोडकं राहिलं. डबी सोप्यात मधोमध, उंचावर. देवघराच्या कोनाड्यात किंवा लोखंडी कपाटामागं नको. राउटर दोन पट्ट्यांचा घे. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा जाड भिंतीतून जातो पण हळू, ५ चा वेगवान पण भिंतीला बिचकतो. तुझ्या कामाच्या टेबलापर्यंत मात्र सरळ केबलच ओढ, वायफायच्या नादी लागू नकोस. डबी आणि राउटरला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस घे, राउटरचा म्हणून मिळतो. लाईट गेली तरी दोन-तीन तास कॉल चालू राहतो, आणि तुमच्याकडं जून-जुलैत लाईट किती जाते ते मला ठाऊक आहे. वळवाच्या विजा कडाडायला लागल्या की दोन्हींचे प्लग काढ. काचेच्या तारेतून वीज येत नाही, पण केबलला आधाराची लोखंडी तार असते तिच्यातून येऊ शकते, म्हणून ती तार घराबाहेरच कापून घ्यायला सांग.

तर आज रात्री जेवणं झाल्यावर घरोघर जा आणि वहीत नावं लिहून घे. मिस्टरांना पुढं करू नकोस, तू स्वतः विचार. माळावर छत्री धरून बसलेली तुला सगळ्या वाडीनं पाहिलंय. आणि महिला सभेला सासूबाईंना गाडीवर मागं बसवून घेऊन जा. सभा माडीवर असली आणि गुडघ्यामुळं त्यांना वर चढवत नसेल, तर ती शाळेच्या व्हरांड्यात लावायला सांग. 'पोरगी एकटी माळावर जाते' हे त्यांनी एकदा सगळ्यांसमोर त्यांच्या शब्दांत बोलू दे, मग ठराव तू वाचून दाखव.